माणसांची आणेवारी

(इंदापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पहिल्या रांगेत सोफे आहेत, त्यांच्या मागे खुर्च्या, आणि खुर्च्या संपल्या तिथून सतरंजी. सोफे अजून रिकामे आहेत. ज्यांच्यासाठी ठेवलेत ते वाटेवर आहेत, असं मघापासून माइकवर सांगितलं जातंय. सतरंजी मात्र सहालाच भरली होती. ‘सामाजिक वर्ग आणि स्तरीकरण’ असा विषय ठरल्यावर मी आठ दिवस टाचणं काढत बसलो होतो. संयोजकांनी निम्मं व्याख्यान मांडणीतच करून ठेवलंय. उरलेलं मी करतो.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो, ते आम्हाला भूगोल शिकवायचे. एकदा वर्गच्या वर्ग त्यांनी विहिरीच्या खोदकामावर नेला. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या, मग काळा पाषाण. गुरुजी वाकून एकेक थर दाखवत होते आणि विहीरमालक, आता ही पोरं आत पडतात की काय, म्हणून कपाळाला हात लावून उभा होता. पुढे विद्यापीठात समाजशास्त्राच्या पुस्तकात ‘स्तरीकरण’ हा शब्द भेटला तेव्हा मला ती विहीरच आठवली. शब्द भूगर्भशास्त्रातलाच आहे. समाजशास्त्रज्ञांनी तो उसना घेतला. पण माती आणि माणूस यांना एकाच मापाने मोजण्याचा उद्योग आपल्या या तालुक्यात समाजशास्त्र जन्माला येण्याआधीच सुरू झाला होता. तिथूनच आरंभ करतो.

पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारपुढे प्रश्न होता, सारा किती घ्यायचा? पुणे जिल्ह्याच्या पाहणीचं काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. तो कंपनीच्याच हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला. तिथे अर्थशास्त्र शिकवायला माल्थस होते. त्या पिढीच्या डोक्यात रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत भिनलेला होता. रिकार्डोने १८१७ च्या आपल्या ग्रंथाची सुरुवातच अशी केली की, जमिनीचं उत्पन्न तीन वर्गांत वाटलं जातं: जमीनमालक, भांडवलवाला आणि मजूर. प्रिंगलने हिशोब केला की इथे जमीनमालक म्हणजे सरकार. मग खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न उरतं, त्यातले ५५ टक्के सरकारचे. ही पद्धत १८३० मध्ये इंदापुरात लागू झाली. कार्ल मार्क्स त्या वर्षी बारा वर्षांचा होता. म्हणजे वर्गांचा युरोपीय सिद्धांत आपल्याकडे पुस्तकातून आलाच नाही; तो साखळी, कारकून आणि साऱ्याची पावती घेऊन थेट बांधावर आला.

आणि साफ फसला. निव्वळ उत्पन्न काढायचं तर प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती, बैल किती, माणसाची मेहनत किती, हे कळायला हवं. कारकुनांनी आकडे मनाने भरले, काहींनी पैसे खाऊन भरले. वर पावसाने दगा दिला. कुणबी जमिनी टाकून उठले, कोणी निजामाच्या मुलखात गेले. रिकार्डोच्या तीन वर्गांत मिरासदार बसत नव्हता, उपरी बसत नव्हता, पाटील-कुलकर्णी बसत नव्हते आणि बलुतेदार तर नव्हतेच नव्हते.

त्यानंतर १८३५-३६ मध्ये हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हे दोघे आले. त्यांनी शहाणपणा असा केला की सिद्धांत बाजूला ठेवला आणि माती उकरली. खोली हातांनी मोजली. या मोजणीतून जी पद्धत घडत गेली तिच्यात पावणेदोन हात आणि त्याहून खोल चांगली काळी माती म्हणजे सोळा आणे. तिथून उतरत उतरत नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. चुनखडी निघाली, रेती निघाली, उतार असला, पाणी साचत असलं, की ‘दोष’ धरायचा आणि एक प्रत खाली. साऱ्याचा दर तीस वर्षांसाठी बांधून दिला. मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीची ही सुरुवात, आणि ती इंदापूरची. ‘सोळा आणे’, ‘आणेवारी’, ‘प्रतवारी’ हे शब्द आपण जे सहज बोलतो, त्यांच्या अंगाला या तालुक्याची माती आहे.

मला जे सांगायचंय त्याची खूण इथेच आहे. गोल्डस्मिड-विंगेट यशस्वी झाले, कारण त्यांनी काय मोजायचं ते अचूक पकडलं होतं. माणसांची आणेवारी काढताना आपण काय मोजतो? उत्पन्न? एकर? शिक्षण? जात? प्रत्येक सिद्धांत म्हणजे एक काठी आहे. काठी बदलली की उंची बदलते.

मार्क्सची काठी मालकीची. उत्पादनाची साधनं कोणाकडे आणि श्रम विकायची पाळी कोणावर, एवढं तो विचारतो. गंमत अशी की ज्याच्या नावावर वर्गसिद्धांत आहे त्याने ‘वर्ग म्हणजे काय’ हे प्रकरण पुरंच केलं नाही. १८९४ मध्ये एंगल्सने प्रसिद्ध केलेल्या ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात ते अगदी शेवटी येतं आणि पान-दीड पानांत तुटतं. तरीही सुप्याचा दंगा समजायला मार्क्सची काठी उपयोगी पडते. पुणे-सुपे म्हणून शहाजीराजांच्या जहागिरीत ज्याचं नाव येतं, ते सुपे. दंग्याच्या वेळी भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. १२ मे १८७५ ला, बाजारच्या दिवशी, इथे लोक सावकारांच्या घरांवर गेले. लोकांना धान्यापेक्षा हवे होते ते कर्जरोखे. जिथे कागद निमूट मिळाले तिथे माणसाला फारसा हात लागला नाही. कागद जाळले. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेली तेजी ओसरली होती, तीस वर्षं भरल्यावर इंदापूर-भीमथडीकडचे सारे वाढवले गेले होते, आणि मोजून, प्रत ठरवून, नाव लावून दिलेली जमीन आता गहाण पडू शकत होती, लिलावात जाऊ शकत होती. पूर्वी सावकाराला गावाचा धाक होता. आता त्याच्यामागे दिवाणी कोर्ट होतं. कुणबी तारखेला हजर नसे, हुकूमनामा एकतर्फी होई. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा संरक्षक कायदा याच धगीतून आला आणि महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो याच काळात. फुल्यांनी एक गोष्ट पाहिली होती जी मार्क्सच्या काठीत येत नाही: नाडणारा हात सावकाराचाच असतो असं नाही, तो लेखणीचाही असतो.

इतिहासकारांचं या दंग्यावर एकमत नाही. रवींदर कुमार यांना त्यात खेड्यातल्या सत्तेची उलथापालथ दिसली. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये लिहिलं की या दंग्याचं मिथकच जास्त झालंय. मला स्वतःला वाटतं, पेटलेल्या गावांची संख्या मोजून याचा निकाल लागणार नाही. लोकांनी काय जाळलं ते पाहावं.

आता पाण्याकडे येतो. त्याशिवाय आपल्याकडे कुठलंच बोलणं पुरं होत नाही.

१८७६ च्या दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचं काम निघालं, १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागलं, १८९२ मध्ये भाटघरचं धरण झालं. कालवा पुरंदर, बारामती, इंदापूर असा जातो. त्याने एकट्या बारामती तालुक्याचे दोन देश केले. माळेगाव, पणदरे, सांगवी हे बागायत. सुपे, मोरगाव, लोणी भापकर हे जिरायत. सोयरीक जुळवताना विचारतात, ‘पोरगी बागायतात पडतेय ना?’ एवढ्या एका प्रश्नात वर्गसिद्धांताची तीन प्रकरणं येतात. कायद्यालाही हे माहीत आहे. कमाल जमीन धारणा कायद्याची आजची मर्यादा पाहा: बारमाही पाण्याची जमीन असेल तर कुटुंबाला १८ एकर, कोरडवाहू असेल तर ५४. म्हणजे पाण्याचा एक एकर बरोबर कोरडे तीन, हा सरकारमान्य भाव.

पण पाणी आहे-नाही एवढ्याने भागत नाही. ते कधी येतं, हा खरा प्रश्न. पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरायचा, आवर्तन सुटायची वाट पाहायची, मग शेजपाळीने आपली पाळी. मुखाकडच्याचं रान भिजून पाणी वाहून जात असतं, तेव्हा टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडचा, माणूस कोरड्या चारीत बॅटरी मारत उभा असतो. माझे आजोबा टेलचे. रात्री दोनची पाळी असली की ते दहालाच जाऊन चारीवर बसत. मी विचारलं, ‘आप्पा, दोनला आहे ना पाळी?’ म्हणाले, ‘पाळी दोनला हाय, पण पाणी कुणाच्या घड्याळावर चालतं, ते बघाय नको?’

समाजशास्त्रात चाळीस वर्षं घालवून मी या प्रश्नाच्या पुढे फारसा गेलेलो नाही. इंदापूर-बारामती या आपल्या दोन तालुक्यांपुरती माझी काठी ही आहे: कोण कोणाला थांबवतो. माणसाची प्रत त्याच्या एकरांवरून ठरते, जातीवरून ठरते, पगारावरून ठरते, हे सगळं खरं. पण या सगळ्या गोष्टी रोजच्या व्यवहारात उतरतात त्या पाळीच्या रूपाने. कोणाची पाळी ठरलेली, कोणाची हुकलेली, कोणाची मधेच घुसवलेली. फ्रान्सचा पियरे बोर्दिओ याने लिहून ठेवलंय की ताटकळत ठेवणं हा सत्ता वापरण्याचा एक प्रकार आहे. त्याला आपला कालवा ठाऊक नव्हता, पण सरकारी कचेरी ठाऊक असणार.

मॅक्स वेबरने मार्क्सच्या एका काठीच्या जागी तीन दिल्या. वेबर १९२० मध्ये गेला, त्याचा मोठा ग्रंथ १९२२ मध्ये आला. बाजारात तुमची ऐपत काय तो वर्ग, लोकांत तुमचा मान काय तो दर्जा, आणि सत्तेवर तुमचा हात कुठवर पोचतो तो पक्ष. परीक्षेत मुलं ही तिन्ही नावं घोकून लिहितात आणि बाहेर आल्यावर विसरतात. खरं तर विसरायचं कारण नाही. टेलच्या गावातला दहा एकरवाला आणि मुखाकडचा तीन एकरवाला यांत मोठा कोण? वर्ग म्हणाल तर दहा एकरवाला. पण तीन एकरवाल्याचा भाऊ ‘वर शब्द टाकू’ शकत असेल तर? ‘शब्द टाकणं’ या वाक्प्रचाराला वेबरच्या जर्मनमध्ये नेमकं काय म्हणतात मला माहीत नाही. पण त्याचं ‘पक्ष’ हे प्रकरण त्यावरच आहे. इंदापूर तर दोन कालव्यांचं टेल. एकीकडून नीरा डावा, दुसरीकडून खडकवासल्याचा. हवेली, दौंड भागवून जे उरेल ते इथे. आणि त्याच्याही आधी पुणे शहराची तहान.

साखर कारखान्यांनी या साऱ्यात वेगळाच गुंता केला. वालचंदनगरच्या खासगी कारखान्यात वर्ग ओळखणं सोपं होतं. शेठ वालचंद हिराचंद मालक, पगारी मॅनेजर, कामगार, पुस्तकातल्यासारखं. पण १९५०-६० च्या दशकांत माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, सोमेश्वर असे सहकारी कारखाने उभे राहिले आणि अडीच एकरवाला सभासद कारखान्याचा मालक झाला. एक सभासद, एक मत. वार्षिक सभेत तो मालक म्हणून अहवालावर ओरडतो. काट्यावर तो उत्पादक. तोडकऱ्यांपुढे बागायतदार. आणि त्याचाच मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत ट्रेनी म्हणून श्रम विकतो. एरिक ओलिन राइट या अमेरिकन मार्क्सवाद्याने अशा जागांना परस्परविरोधी वर्गस्थानं म्हटलंय. त्याच्या डोळ्यांपुढे कारखान्यातले मॅनेजर, सुपरवायझर होते. आमचा सभासद दिसला असता तर त्याला आणखी एक पुस्तक लिहावं लागलं असतं.

कॅनडाच्या डोनाल्ड अ‍ॅटवुड यांचं काम इथे सांगायलाच हवं. त्यांनी नीरा डाव्या कालव्यावरच्या एका गावाची १९२० ते १९७० अशी पन्नास वर्षांची जमिनीची कागदपत्रं घराघराने लावून पाहिली. श्रीमंत श्रीमंत होत गेले आणि गरीब संपले, असं सरळ चित्र निघालं नाही. मोठ्यांपैकी काहींची जमीन तुटली, भूमिहीनांपैकी काहींनी घेतली. ‘काही गरीब श्रीमंत का होतात’ या प्रश्नानेच त्यांनी १९७९ च्या निबंधाचं शीर्षक केलं. आपल्या बागायत गावांत चार घरं आठवून बघा, हे पटेल. सासवडकडून कालव्यामागे आलेल्या माळी बागायतदारांनी मोठा व्यापारी ऊस आधी लावला, बाकीचे नंतर शिकले. शिडी होती आणि लोक चढले, हे नाकारू नये.

पण दफ्तरात ज्याचं नाव नाही त्याची चढ-उतार कोण मोजणार? दिवाळी झाली की बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोडकऱ्यांच्या गाड्या येतात. त्यांच्या हिशोबाचं एकक बघा: ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. मुकादमाने उचल दिली ती कोयत्याला. त्यातली बाई पहाटे तीनला भाकऱ्या थापून फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते; पण मोजणीत ती अर्धा कोयता. आपल्या कुठल्याही वर्गसिद्धांतापेक्षा हा शब्द जास्त सांगतो. समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी शेजारच्या गुजरातेतल्या बार्डोलीत खानदेशातून जाणाऱ्या तोडकऱ्यांचा अभ्यास केला. गावात मजूर असताना बाहेरून का आणतात, असं त्यांनी विचारलं. उत्तर असं: बाहेरचा माणूस हंगामापुरता असतो, चोवीस तास हाताशी असतो, आणि गावातल्या कोणाशी त्याची एकी होत नाही.

डेव्हिस आणि मूर या समाजशास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये मांडलं की समाजाला जे काम जास्त गरजेचं आणि ज्याला माणूस मिळणं कठीण, त्याला जास्त मोबदला मिळतो. कोयते दोन दिवस थांबले तर कारखान्याची गव्हाण मोकळी पडते. गरजेचं नाही कसं म्हणायचं?

माझी काठी इथेही सरळ चालत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. लागणीची नोंद करूनही लहान शेतकऱ्याची तोड येत नाही. तो कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे फिरतो, गट ऑफिसला खेटे घालतो. इकडे उसाला तुरा येतो, वजन घटतं. अखेर टोळी येते ती खुशाली मागते, आणि तो मुकाट देतो. तिथे थांबवणारा तोडकरी आणि थांबणारा बागायतदार असतो. पण त्याच रात्री तीच टोळी बांधलेल्या मोळ्यांपाशी, उघड्यावर, ट्रॅक्टरची वाट पाहत थंडीत बसलेली असते, आणि त्या बसण्याचा कोणी हिशोब करत नाही. पैसे टनावर.

एमआयडीसीचं थोडक्यात. बाहेरून सगळ्यांचा गणवेश जवळपास एक. आत ‘परमनंट’, ‘कॉन्ट्रॅक्टवाला’ आणि ट्रेनी. शेजारी शेजारी उभे, काम तेच, ओळखपत्राच्या फितीचा रंग वेगळा. शिफ्ट सुटल्यावर पहिला हप्त्याची चारचाकी काढतो, दुसरा कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढतं का याची वाट बघतो, तिसरा दुसऱ्याच्या जागेची.

एक शब्द राहिला. ‘वर्ग’ हा शब्द तुमच्या सातबाऱ्यावरही आहे: भोगवटादार वर्ग १, भोगवटादार वर्ग २. वर्ग १ ची जमीन मालक विकू शकतो. वर्ग २ ला परवानगी लागते. या वर्ग २ मध्ये अनेक गावांत महार वतनाच्या जमिनी आहेत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणलं, कारण त्या तुकड्याच्या बदल्यात अख्खी जात रात्रंदिवस राबवली जात होती. कायद्याने कनिष्ठ वतनं गेली ती १९५८ मध्ये. आंबेडकर तोवर हयात नव्हते. जात म्हणजे श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी, हे त्यांनी १९३६ मध्ये मांडलं. आणि तिची गंमत, म्हणजे क्रूर गंमत, अशी की प्रत्येक पायरीच्या खाली आणखी एक पायरी असते, त्यामुळे कोणीच जिना पाडायला निघत नाही. बारामतीत धनगर समाजाचं २०१४ चं आरक्षण आंदोलन, पुढचे मराठा मोर्चे, यांकडे मी याच अंगाने पाहतो. सगळ्यांचा झगडा कुठल्या यादीत आपलं नाव आहे याचा आहे, आणि ‘वर्ग’ हा शब्द राज्यघटनेपासून तलाठ्यापर्यंत सगळेच वापरतात. वर्ग २ चा एक माणूस मला एका कचेरीच्या पायरीवर भेटला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. मी म्हटलं, किती दिवस? तो म्हणाला, ‘दिवस नाही सर. वडील यायचे, आता मी येतो.’

सोफ्यावरची मंडळी आली असं दिसतंय. त्यांचं स्वागत होऊ द्या, मी थांबतो.

(स्वागतानंतर)

शेवटचं सांगतो. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि इंदापूरची भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. खोल काळी, इंग्रजाच्या कारकुनाने पसंत केली असती अशी जमीन. फायदा खाली सोलापूरकडे; इथली माणसं वर सरकली, काही भिगवणला मासेमारीत गेली. गेल्या उन्हाळ्यात पळसदेवला गेलो होतो. पाणी उतरलं की तिथलं जुनं देऊळ उघडं पडतं, लोक बघायला येतात. काठावर एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसले होते. मी देवळाचे फोटो काढत होतो, ते देवळाकडे बघतच नव्हते. मी विचारलं, काय बघताय? त्यांनी हाताने पाण्यात एक रेघ दाखवली. म्हणाले, ‘त्यो आमचा बांध. अजून हातभर उतरलं की दिसंल. मग गाळपेर करता येती, पाऊस पडंस्तवर.’ दोन्ही तालुक्यांत पाणी यायची वाट पाहणारी माणसं मी जन्मभर पाहिली. पाणी जायची वाट पाहणारा हा पहिलाच. मी त्यांच्याशेजारी बसलो. ऊन वाढत गेलं. बांध काही त्या दिवशी दिसला नाही.